पाळणाघरातला बाप

आमच्या कारखान्यात शर्ट शिवतात. शिवणाऱ्या, काजं करणाऱ्या, बटणं लावणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका. कापणारे, इस्त्रीवाले, गठ्ठे उचलणारे बहुतेक सगळे पुरुष. मी चेकिंगला आहे. तयार शर्ट टेबलावर पसरायचा आणि सुटलेला धागा, वाकडी शिवण, चुकीच्या जागी लागलेलं बटण शोधून काढायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून काढून घरीही मला तीच सवय लागली आहे, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

माझ्या टेबलासमोर काचेचं पार्टिशन आहे आणि त्यापलीकडे कटिंग मास्तर उभे असतात. उंच, काटकुळे, गळ्यात टेप. वीतभर जाडीचा कापडाचा थर लांबलचक टेबलावर अंथरलेला असतो आणि मास्तर विजेवर चालणारी उभी सुरी त्यातून अशी फिरवतात की जणू पाण्यातून बोट फिरवतायत. डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा. मशीन चालू असताना ते कुणाशी बोलत नाहीत आणि बंद असतानाही फारसं बोलत नाहीत. असा माणूस पुढे सगळ्या कारखान्याला तोंड द्यायला उभा राहील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याची चेष्टाच केली असती.

मास्तरांची बायको शहराच्या बसवर कंडक्टर. आमच्याच गल्लीत राहतात, म्हणून माझी तिच्याशी ओळख आधीची. मी तिला वहिनी म्हणते. मास्तर जितके मुके, तितकी वहिनी बोलकी. भरल्या बसमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचा आवाज पोचतो आणि ‘पुढे सरका’ म्हटलं की लोक खरोखर पुढे सरकतात. लग्न उशिरा झालं, मुलगी त्याहून उशिरा. मुलगी झाली तेव्हा मास्तरांनी सगळ्या खात्यांत स्वतः फिरून पेढे वाटले. एकेकापुढे पुडा धरून नुसते हसत उभे राहायचे. ‘काय झालं?’ असं समोरच्याने विचारल्यावर मग सांगायचे.

वहिनीची रजा संपेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. बाळाला सांभाळायला वहिनीची आई येऊन राहिली होती. पण तिच्या स्वतःच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. ती किती दिवस थांबणार? ती परत गेली आणि प्रश्न दारात येऊन उभा राहिला. वहिनीची पहिली बस उजाडायच्या आत सुटते. डेपोत पाळणाघर नाही. गल्लीतल्या जाणत्या लोकांनी एका सुरात सल्ला दिला, की आता तिने नोकरी सोडावी. माझ्या सासूबाईही त्यात होत्या.

मास्तर त्यांना म्हणाले, “तिने का सोडावी? तिच्या डेपोत पाळणाघर नाही, माझ्या कारखान्यात आहे. मी नेतो ना पोरीला.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सोमवारी सकाळी मास्तर गेटवर आले ते पोरीला छातीशी बांधून. कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी स्वतः एक झोळी शिवली होती, निळ्या जाड जीनची, पट्ट्यांना दुहेरी टाके घातलेली. चेकिंगवाली म्हणून सांगते, त्या झोळीत मला एकही चूक सापडली नसती. वॉचमनने विचारलं, “बाळाची आई कुठाय?”

“बसमध्ये.”

“मग बाळ बसमध्ये द्या की! इथे कुठे आणलं?”

मागच्या रांगेत हशा पिकला. पाळणाघराच्या दारावर पाटी होती, ‘फक्त महिला कामगारांच्या मुलांसाठी’. मास्तर ती पाटी रोज बघत होते, पण आपल्यासाठी म्हणून त्यांनी ती कधी वाचली नव्हती. ते तसेच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“मास्तर,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “नियम महिलांसाठी आहे. तुम्ही महिला नाही.”

“ते मला माहीत आहे साहेब.”

“मग?”

“पण ही माझी मुलगी आहे.”

साहेबांनी फोन उचलला आणि कुणालातरी लावला. मास्तर थोडा वेळ उभे राहिले आणि घरी परत गेले. त्या दिवशी कटिंग टेबल रिकामं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एक पाय घरात आणि एक कारखान्यात, असं सुरू झालं. कधी वहिनी पाळी बदलून घ्यायची, कधी मास्तर अर्धी रजा टाकायचे, कधी मी सुट्टी असली की पोरीला माझ्याकडे ठेवून घ्यायची. कारखान्यात मास्तरांचं नामकरण झालं होतं. इस्त्रीवाले त्यांना मास्तरीणबाई म्हणायला लागले. ‘मास्तरीणबाई, बाळ दूध प्यायलं का?’ मास्तर शांतपणे सांगायचे, “प्यायलं. ढेकरही काढला.” चिडवणाऱ्यांची पंचाईत व्हायची, कारण चिडवायला चिडणारा माणूस लागतो आणि हा माणूस चिडतच नव्हता.

खरं दुखलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या संघटनेची पुढारी म्हणजे शिलाई खात्यातली ताई. पाळणाघर आम्हाला मिळालं ते तिच्यामुळे. त्याला बरीच वर्षं झाली. त्या वेळी बायका पोरांना कडेवर घेऊन गेटसमोर उन्हात बसल्या होत्या, आत मशिनी चालू होत्या आणि दारातून ट्रक जा-ये करत होते. ताईचं बाळ तेव्हा तापाने फणफणलेलं होतं, तरी ती उठली नव्हती. मास्तरांना वाटलं, दुसरं कुणी नाही तरी ताई आपल्या बाजूने उभी राहील. जेवणाच्या सुट्टीत ते तिच्या बाकाशी गेले. मी शेजारीच डबा खात होते.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “मास्तर, आत पाळणे किती आहेत बघितलेत? सगळे भरलेत. खाली चटईवरही मुलं झोपतात. तुमच्या मुलीला आत घ्यायचं तर कुणाच्या लेकराला बाहेर काढू? तुम्ही सांगा, मी काढते.”

मास्तरांनी पाळणाघराच्या दाराकडे बघितलं.

“आणि आम्ही गेटवर बसलो होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“आत होतो,” मास्तर म्हणाले. “कापत होतो.”

“मग कापा.”

ताई उठून गेली. मास्तर रिकाम्या बाकाकडे बघत बसले. मला त्यांची दया आली, पण ताई चुकीचं बोलली असंही म्हणवेना. आजही म्हणवत नाही. पाळणे खरोखरच कमी होते.

ही गोष्ट बाहेर कशी गेली कोण जाणे, पण आठवड्याभरात मास्तरांच्या दारात एक मोठी गाडी थांबली. त्यातून उतरले पुरुषांच्या हक्कांसाठी चळवळ चालवणाऱ्या एका मंडळाचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खणखणीत आवाज. मी तेव्हा पोरीला बघायला तिथेच गेले होते, त्यामुळे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

“तुमच्यासारखीच केस आम्ही शोधत होतो,” अध्यक्ष म्हणाले. “धडधडीत अन्याय! बायकांना सगळं मिळतं, पुरुषाने मागितलं की पाटी दाखवतात. आपण लढू. एकतर पाळणाघर पुरुषांनाही द्या, नाहीतर बंद करा!”

“बंद?” वहिनीने विचारलं.

“समानता म्हणजे समानता,” अध्यक्ष म्हणाले.

पोरगी रांगत रांगत अध्यक्षांच्या बुटापाशी गेली आणि बुटाची नाडी ओढायला लागली. अध्यक्षांनी खाली बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “माझा मुलगाही असंच करायचा,” ते म्हणाले. बायको आणि ते वेगळे झाले होते. मुलगा तिच्याकडे. भेटायची परवानगी होती, पण भेटायचं कुठे? तिच्या घरी हे जाऊ शकत नव्हते, यांच्या घरी ती पाठवायला तयार नव्हती. हॉटेलात एकदा भेटले तर मुलगा सगळा वेळ मेनूकार्डात तोंड घालून बसला. हे सांगताना अध्यक्षांनी दोनदा चष्मा पुसला. भाषणाचा माणूस, पण तेवढं भाषण नव्हतं.

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, “त्यांचं दुःख खरं आहे.”

“आहेच,” वहिनी म्हणाली. “पण राग काढतायत तो भलत्याच दारावर. तुमच्या कारखान्यातलं पाळणाघर बंद केल्याने यांचा मुलगा यांना भेटणार आहे का?” मग ती पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि जरा वेळाने म्हणाली, “अहो मास्तर, मला एक सांगा. तुमच्याकडे नवीन बाई कामाला घेताना काय विचारतात?”

याचं उत्तर मला माहीत होतं, ते मीच दिलं. लग्न झालंय का, मूल आहे का, व्हायचंय का. आणि ‘आहे’ म्हटलं की ‘कळवू’ म्हणतात. कळवत कधीच नाहीत. मूल असलेली बाई म्हणजे आणखी एक पाळणा, असं त्यांना वाटतं.

“आणि पुरुषाला?” वहिनीने विचारलं.

“पुरुषाला काय विचारतात? गठ्ठा उचलता येतो का,” मास्तर म्हणाले.

“झालं तर! पुरुषालाही मूल असतं हे तुमच्या कारखान्याला ठाऊकच नाही. ते एकदा ठाऊक झालं, पुरुषाचं मूलही त्यांच्या दारात आलं, की मग बायकांना वेगळं काढून काय मिळणार त्यांना? ताईला जाऊन हे सांगा. तुम्ही तिच्या ताटातलं मागताय असं वाटतंय तिला. तुम्ही ताट मोठं करायला मागताय.”

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं की मीच उठून निघाले. नवरा-बायकोच्या मध्ये बसू नये अशी ती वेळ होती.

अध्यक्षांनी चौकातल्या सभागृहात सभा ठेवली होती. विषय असा होता, ‘समानतेच्या नावाखाली पुरुषांवर अन्याय?’ प्रश्नचिन्ह होतं, पण बोलणाऱ्यांच्या मनात कसलाही प्रश्न नव्हता. मास्तरांना मुख्य पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि ते येतो म्हणाले, तेव्हा आमच्या खात्यात खळबळ उडाली. “गेला आपला माणूस त्यांच्या गोटात,” कुणीतरी म्हणालं. ताई म्हणाली, “जाऊ या. काय बोलतो ते ऐकू तरी.” शिलाई खात्यातल्या बायका एका बाजूच्या सगळ्या खुर्च्या अडवून बसल्या. दुसऱ्या बाजूला पुरुष. मध्ये मोकळी वाट, पाहुण्यांसाठी की मारामारीसाठी ते कळत नव्हतं.

पहिल्या वक्त्याने सांगितलं की पुरुष हा नुसता पैसे काढायचं यंत्र झाला आहे. टाळ्या. दुसऱ्याने सांगितलं की घरात त्याला कुणी विचारत नाही. त्याहून मोठ्या टाळ्या. आमच्यातली एक बाई उभी राहून म्हणाली, “घरात असता कधी, विचारायला?” मग आमच्या टाळ्या. असा चेंडू इकडून तिकडे चालला होता. शेवटी अध्यक्षांनी मास्तरांचा हात धरून त्यांना माइकपाशी आणलं. वहिनी ड्युटीवर होती, म्हणून पोरगी झोळीत होतीच. तिने पहिलं काम काय केलं, तर माइक दोन्ही हातांनी पकडून तोंडात घातला. सगळं सभागृह त्या चोखण्याच्या आवाजाने भरून गेलं आणि दोन्ही बाजूंचे लोक एकदमच हसले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

मास्तरांनी माइक सोडवला.

“मला बोलता येत नाही,” ते म्हणाले. “कापता येतं. अध्यक्षसाहेब म्हणाले की माझ्यावर अन्याय झाला. झालाय. मी या मुलीला घेऊन गेलो आणि मला सांगितलं की तू आई नाहीस. पण अन्याय कुणी केला? या बायकांनी नाही केला. यांनी पाळणाघर मागितलं तेव्हा मी आत मशीन चालवत होतो. ताईंनी मला विचारलं कुठे होतास, तर माझी मान खाली गेली. बायकांचं काय ते बायका बघतील, असं तेव्हा मला वाटलं. आता माझं काय ते पुरुष बघतील असं मला वाटत नाही, कारण पुरुष मला मास्तरीणबाई म्हणतात.”

इस्त्रीवाले मागे बसले होते. ते आपापल्या चपला बघायला लागले.

“हे म्हणतात पाळणाघर बंद करा. मी म्हणतो, दुप्पट करा. मूल दोघांचं असतं. कामावर घेताना बाईला विचारतात मूल आहे का आणि हाकलतात. मला कुणीच विचारलं नाही. मला विचारायला पाहिजे होतं! मला मूल आहे, हे मी सांगितलं असतं, ओरडून सांगितलं असतं. ते कुणी विचारलं नाही हाच माझ्यावर अन्याय. आणि तेच विचारून यांना घरी पाठवतात हा यांच्यावर अन्याय. दोन्ही एकाच कात्रीने कापलेत.” ते थांबले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. “ताई, मी उशिरा आलोय. पण आलोय. कुणाचं लेकरू बाहेर काढू नका. आम्ही सगळे मिळून खोली मागू.”

मग ताई उठली. ती टाळ्या वाजवणारी बाई नाही. ती मधल्या मोकळ्या वाटेने चालत पुढे गेली, मंचासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, “पोरीला द्या इकडे. घामाने भिजलीय ती. एवढं बोलताय, बाळाला वारा लागतो ते कळत नाही?” आणि मास्तरांनी पोरीला तिच्या हातात दिलं. त्यानंतर जो काही आवाज झाला त्यात टाळ्या कुठल्या बाजूच्या ते कळायला मार्ग नव्हता.

मॅनेजरसाहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं, चहा मागवला. “तुमची अडचण मला समजते,” ते म्हणाले. “मुलीला आणत जा उद्यापासून. तुमच्यापुरतं. गाजावाजा नको.”

मास्तरांनी नंतर मला सांगितलं की त्या क्षणी त्यांचा जीव भांड्यात पडला होता. रजा संपत आल्या होत्या, वहिनीला डेपोतून मेमो आला होता. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण केबिनच्या काचेतून त्यांना समोर इस्त्रीखात्यातला एक जण दिसला. मास्तरीणबाई म्हणण्यात सगळ्यात पुढे असलेला. सभेच्या दुसऱ्या दिवशी तो मास्तरांच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला होता की बायकोचं ऑपरेशन झालंय, दोन्ही मुलं शेजाऱ्यांकडे ठेवून येतो आणि दिवसभर इस्त्रीखाली कापड जळतं की काय याचं भान राहत नाही.

“माझ्यापुरतं नको साहेब,” मास्तर म्हणाले. चहा तसाच राहिला.

बापांनीही पोरांना घेऊन गेटवर यावं, म्हणून पुढचे काही दिवस मास्तर आणि ताई जेवणाच्या सुट्टीत खात्याखात्यांत हिंडले. ताई पुरुषांशी बोलायची आणि मास्तर बायकांशी, हे त्यांनी मुद्दाम ठरवलं होतं. सुरुवातीला पुरुष चार हात लांब राहिले. ‘आमच्यात नाही पद्धत,’ ‘बायको काय म्हणेल.’ बायको काय म्हणेल याचं उत्तर ताईकडे तयार होतं. “विचारून तर बघ. नाचेल.”

आणि मग तो दिवस उजाडला. मोठा माल त्याच दिवशी जायचा होता. ट्रक रांगेत उभे होते. मी गेटवर पोचले तर माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. गेटसमोर बापच बाप! कटिंगवाले, इस्त्रीवाले, स्टोअरवाले, सगळ्यांच्या कडेवर, खांद्यावर, हाताला धरून पोरं. गठ्ठे उचलणाऱ्या एकाने आपलं तान्हं बाळ नेमकं गठ्ठ्यासारखं खांद्यावर टाकलं होतं. बायकांनी धावत जाऊन त्याला डोकं कसं धरायचं ते दाखवलं. एक ड्रायव्हर जुळ्यांना घेऊन आला होता आणि दोघंही एका सुरात भोकाड पसरून रडत होती. कुणाच्या शर्टावर दूध, कुणाच्या शर्टावर त्याहून वाईट. आणि ज्या बायका पूर्वी एकट्या उन्हात बसल्या होत्या, त्या आता या सगळ्यांच्या बाजूने उभ्या होत्या. बायका कामावर गेल्या नाहीत. ताईने तसं सांगितलंही नव्हतं. कुणाचा पायच आत पडेना.

मॅनेजरसाहेब धावत आले. “माल कोण भरणार?”

“भरतो की,” गठ्ठेवाला म्हणाला, “तोवर याला धरा.” आणि त्याने बाळ सरळ साहेबांच्या हातात दिलं. बाळाने साहेबांचा टाय पकडला आणि सोडायला तयार होईना.

तासाभरात मालक आले. मालक वयस्क आहेत, बोलायला सावकाश. गाडीतून उतरून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. टायसकट अडकलेल्या साहेबांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग मास्तरांना आणि ताईला आत बोलावलं. आम्ही बाहेर उभे. जुळी रडून रडून झोपली. मास्तरांची पोरगी माझ्या कडेवर होती, तिने माझ्या कानातलं ओढून ओढून कान लाल केला.

दोघं बाहेर आले तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. पेढे वाटताना होता तसाच चेहरा, नुसता हसरा. शेवटी ताईच ओरडली, “जुनं स्टोअर रिकामं करून देणार! दुसरं पाळणाघर! आणि आयांच्या, बापांच्या, सगळ्यांच्या मुलांचं!”

गेटवर जो जल्लोष झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. इस्त्रीवाल्यांनी मास्तरांना खांद्यावर उचललं. मास्तर वरून ‘अरे उतरवा, पोरगी कुठाय’ असं ओरडत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. ट्रक त्या दिवशी दुपारी भरले, पण असे झपाट्याने भरले की माल वेळेत पोचला. उरलेला आठवडा सगळ्या खात्यांनी जुनं स्टोअर झाडलं, रंगवलं. पडदे मास्तरांनी कापले, शिलाई खात्याने शिवले आणि चेकिंग मी केलं. जुन्या दारावरची पाटी वॉचमनने स्वतःच्या हाताने काढली. नव्या पाटीवर एवढंच लिहिलं, ‘मुलांची खोली’.

नवीन भरतीच्या वेळी मी मुद्दाम खिडकीशी थांबले होते. सुपरवायझरने एका तरुण बाईला विचारायला तोंड उघडलं, मग मागे उभ्या असलेल्या दणकट माणसाकडे बघितलं, त्यालाही तोच प्रश्न विचारावा लागेल हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने प्रश्न गिळला आणि तिला विचारलं, “मशीन चालवता येतं?” तिला येत होतं. ती आज आमच्याकडची सगळ्यात जलद कॉलर लावणारी आहे.

अध्यक्षांचं मंडळ या सगळ्यावर नाराज होतं. पण अध्यक्ष एकदा एकटेच आले, भाषणाचा आवाज घरी ठेवून. ताईशी बरंच बोलले. ताईने संघटनेच्या बैठकीत विषय मांडला, की साप्ताहिक सुट्टीला ही खोली रिकामीच असते. ज्यांची घरं वेगळी झालीत, त्या आईबापांना मुलांना भेटायला ती का देऊ नये? थोडी घासाघीस झाली. सांभाळणाऱ्या मावशी हजर राहतील असं ठरलं, आणि अध्यक्षांच्या पूर्वीच्या पत्नीनेही ते मान्य केलं. पहिल्या भेटीला मी कुलूप उघडायला गेले होते. मुलगा दारात थबकला. अध्यक्ष पांढऱ्या शर्टात जमिनीवर बसून ठोकळ्यांचा मनोरा करत होते. मनोरा वाकडा होता. मुलगा जवळ गेला, म्हणाला, “बाबा, खालचा मोठा लावायचा असतो,” आणि शेजारी बसला. मी दार लोटून घेतलं.

मागच्या महिन्यात डेपोतल्या कंडक्टर-ड्रायव्हरांची सभा होती. त्यांनाही पाळणाघर हवं होतं. बोलायला मास्तरांना बोलावलं होतं, कारण त्यांचं नाव आता बरंच लांब पोचलं आहे. बसगाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत लोक जमले होते, गणवेशातले, चहाचे कप हातात धरलेले. मास्तर खिशातून भाषणाचा कागद काढणार, तेवढ्यात वहिनीने त्यांना बाजूला घेतलं.

“अहो मास्तर, हा डेपो माझा आहे. तुम्ही पोरीला बघा, ती डिझेलच्या डबक्याकडे निघालीय. बोलणार मी.”

मास्तर पोरीमागे धावले. वहिनी बसच्या पायरीवर चढली. माइक नव्हता, तिला तो कधी लागलाही नाही. डेपोच्या शेवटच्या गाडीत डुलक्या काढणारा ड्रायव्हरसुद्धा दचकून उठला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकायला लागला.